कूपेचं दार चिकटतंय, काच अडकतेय, टायरचा दिवा रोज पेटतोय: कडक थंडीतल्या नेहमीच्या कटकटी आणि उपाय

थॅंक्सगिव्हिंग उलटला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात आणि तक्रारी दर वर्षी त्याच. दार उघडत नाहीये. दार उघडलं पण आता लागत नाहीये. टायरचा पिवळा दिवा सकाळी पेटतो, दुपारी आपोआप विझतो, मग हवा भरायची का नाही ते सांग. साध्या सेडानवाल्यांचं यात फारसं काही अडत नाही, अडतं ते हौसेने दोन दारांची गाडी, म्हणजे कूपे, घेतलेल्यांचं, आणि अमेरिकेत मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या आसपास ट्रॉय, नोव्हाय, कॅंटन वगैरे भागात राहणारी आपली बरीच मंडळी गाड्यांच्याच धंद्यात असल्यामुळे एम्प्लॉयी डिस्काउंट दिसला की ही हौस जरा जास्तच उफाळून येते. माझी गाडी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे सांगतोय ते फ्रेमलेस काच (जिच्याभोवती दाराची चौकट नसते) आणि समर टायर (उन्हाळ्यासाठी बनवलेले) असलेल्या कुठल्याही गाडीला लागू पडतं, मग ती मस्टॅंग असो, कॅमॅरो असो, पोर्शे ९११ असो नाहीतर मियाटा.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. दाराचं रबर आणि टायरचं रबर दोन्ही काळंच दिसत असलं तरी दोघांचं दुखणं वेगळं आहे. दाराच्या रबराला थंडी फारशी बाधत नाही, त्याला पाणी बाधतं. टायरला पाण्याचं काही वाटत नाही, त्याला थंडीच बाधते. लोक नेमकं उलट करतात, दाराच्या रबराला थंडी लागू नये म्हणून गाडीवर कव्हर टाकतात, ज्याच्या खाली ओल साठते, आणि टायरला चकाचक करणारं पॉलिश फासतात, ज्याने थंडीत काडीचाही फरक पडत नाही.

दार आणि काच: नेमकं काय होतं

दाराभोवतीचं रबर, ज्याला आपण बीडिंग म्हणतो, ते आजकाल जवळपास सगळ्या गाड्यांत ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. हे उणे ४० सेल्सियसलाही बऱ्यापैकी लवचिक राहतं, थोडं कडक होतं पण तडकत नाही. मग दार चिकटतं कशाने? रबर आणि रंगवलेला पत्रा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो, रात्री त्याचा बर्फ होतो आणि तो बर्फ दोन्ही बाजू घट्ट धरून ठेवतो. सकाळी तुम्ही हॅंडल ओढता तेव्हा बर्फाशी रस्सीखेच चाललेली असते आणि तिच्यात सगळ्यात आधी हरते ती रबराची पातळ कड. एकदा ती फाटली की तिथून पाणी आत येतं, ते परत गोठतं, पुढच्या वेळी आणखी फाटतं.

कूपेत याच्यावर आणखी एक भानगड असते. साध्या गाडीत काचेच्या भोवती दाराचीच फ्रेम असते आणि काच तिच्यातल्या खाचेत वर-खाली होते. कूपेत फ्रेमच नाही, काच थेट छपराच्या रबरात जाऊन दाबून बसते. म्हणून हॅंडलला हात घातला की काच आधी सेंटिमीटरभर खाली सरकते, मग दार सुटतं, आणि दार लावलं की काच परत वर जाऊन बसते. उन्हाळ्यात हे इतकं गुपचूप होतं की अनेकांना आपल्या गाडीत असं काही होतं हेच माहीत नसतं. थंडीत काच रबरात गोठली की मोटर नुसती घुरघुरते, काच जागची हलत नाही, पण लॅच, म्हणजे दाराची कडी, मात्र सुटलेला असतो, त्यामुळे तुम्ही दार ओढता आणि काच छपराच्या रबरातून आडवी खेचली जाते. यात बीडिंग फाटतं, बाहेरची ट्रिम वाकते, आणि फारच जोर लावला तर काच धरून ठेवणाऱ्या रेग्युलेटरची प्लास्टिकची क्लिप तुटते, मग काच दाराच्या पोटात पडते आणि अख्खं दार उघडायला लागतं.

उलटा प्रकारही होतो. काच खाली येते, दार उघडतं, तुम्ही बसता, दार लावता, काच वर जायला लागते आणि वाटेत बर्फाचा चुरा लागला की गाडीला वाटतं कोणाचं तरी बोट अडकलं, म्हणून ती काच परत खाली घेते. असं दोन-तीनदा झालं की लोक वैतागून तसेच ऑफिसला निघतात, उणे १५ मध्ये काच अर्धवट उघडी ठेवून. अशा वेळी बटण दाबत बसू नका, काचेची वरची कड आणि छपराची खाच फडक्याने पुसून घ्या, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. पुसूनही काच तसंच करत असेल तर ती आपली वरची जागा विसरलेली असू शकते, विशेषतः बॅटरी काढून लावली असेल तर, मग बटण खाली दाबून धरणं आणि वर ओढून धरणं असा एक विधी असतो, तो प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो आणि प्रत्येकीचा थोडा वेगळा असतो.

आणि बॅटरी. दार अडकलं की सगळे बर्फालाच शिव्या घालतात पण काच खाली सरकवायला करंट लागतो आणि उणे १८ ला साध्या लेड-ॲसिड बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास आलेली असते. आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली असेल तर बर्फाचा कणही नसताना काच जागची हलणार नाही. किल्ली दाबल्यावर लाइट नेहमीसारखे लखलखले का, लॉकचा आवाज दणकट आला का एवढं बघा, नसेल तर दार ओढायच्या आधी बॅटरीचं बघा.

आत्ता या क्षणी दार अडकलंय तर

ओढू नका. आधी ढकला. दाराच्या कडेकडेने तळहाताने किंवा जाड जॅकेट घातलेल्या खांद्याने आत दाबत जा, वर, मागे, खाली, काच नाही, पत्रा दाबायचा. रबर दबलं की बर्फाचा थर कडकन मोडतो, आवाज ऐकू येतो. मग हॅंडल हलकेच उचला आणि काचेकडे बघा, ती खाली सरकली तरच दार उघडा. नाही सरकली तर दुसरीकडच्या दाराला जा, ज्या बाजूला सकाळचं ऊन येतं ते दार बऱ्याचदा निमूट उघडतं. गाडी बाहेर उभी असेल आणि रिमोट स्टार्ट असेल तर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, आतल्या उबेने काच सुटते. पण हे गॅरेजमध्ये अजिबात करायचं नाही, वरचं शटर उघडं असलं तरी नाही, घराला जोडलेल्या गॅरेजमधून कार्बन मोनॉक्साइड सरळ घरात शिरतो आणि त्याला वास नसतो.

तरीही नाही सुटलं तर केमिस्टकडे मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्प्रेच्या बाटलीत भरून फटीवर मारा, मिनिटभर थांबा, परत ढकला. ही बाटली घरात ठेवायची. गाडीत ठेवणारे महाभाग मला भेटलेत. अल्कोहोलने रबरावरचं ग्रीस धुऊन निघतं, म्हणून ते मारल्यावर त्या जागी परत ग्रीसचा हात फिरवायचा, नाहीतर पुढच्या रात्री तिथेच आणखी घट्ट चिकटेल.

गरम पाण्याची किटली घेऊन कोणी बाहेर येत असेल तर त्याला तिथेच थांबवा. काच तडकू शकते आणि नाही तडकली तरी ते सगळं पाणी फटीतून आत उतरून दहा मिनिटांत आधीपेक्षा जाड बर्फ होतो.

मुळात चिकटूच नये म्हणून

खरं काम ऑक्टोबरमध्ये करायचं असतं, पानं पडायच्या सुमारास, जेव्हा दिवसा दहा-बारा अंश तरी असतात आणि बोटं बधिर होत नाहीत. एक शनिवार दुपार पुरते. पण जानेवारीत हे वाचत असाल तरी करता येतं, गाडी गॅरेजमध्ये घेऊन आधी पूर्ण कोरडी होऊ द्या.

पहिलं काम स्वच्छता. मायक्रोफायबरचं फडकं कोमट पाणी आणि कार शॅम्पूच्या दोन थेंबांत भिजवून पिळून घ्या, बोटावर गुंडाळा आणि बीडिंगच्या बाजूने फिरवा. वरवर नाही, रबराची कड बोटाने उलटी करून तिच्या आतल्या घडीतून. तिथे काय साठलेलं असतं ते बघितलंत तर धक्का बसेल, बारीक वाळू, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाची पांढरी पूड, मेपलच्या पानांचे तुकडे, जुन्या स्प्रेचा काळा चिकट थर. पहिलं फडकं काळंकुट्ट निघतं, दुसरंही, तिसरं जरा बरं. आरशाजवळ जो त्रिकोणी कोपरा असतो तिथे आणि काच मागे जिथे क्वार्टर ग्लासला, म्हणजे मागच्या छोट्या काचेला, टेकते तिथे घाण सगळ्यात जास्त आणि बर्फही आधी तिथेच धरतो, म्हणून तिथे कान साफ करायची काडी घ्या. मग कोरड्या फडक्याने पुसून दार तासभर उघडं ठेवा.

दुसरं काम ग्रीस. सिलिकॉन ग्रीस घ्या, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, आणि रबरात जिरेपर्यंत चोळत जा. जास्त झालं तर त्याला धूळ चिकटते आणि कपड्यांना डाग पडतात, बरोबर लागलं असेल तर रबर जरा गडद दिसतं आणि हाताला चिकट लागत नाही. होंडाच्या डीलरकडे शिन-एत्सु नावाचं ग्रीस छोट्या ट्यूबमध्ये मिळतं, ते गाडी होंडाची नसली तरी चालतं आणि माझ्या मते पैशाच्या मानाने तेच सगळ्यात चांगलं. क्रायटॉक्स त्याहून टिकाऊ पण किंमत बघून आपला हात आखडतो. स्प्रे वापरायचा असेल तर सिलिकॉनचाच, आणि तो फडक्यावर मारून फडकं फिरवायचं, थेट दारावर मारला की तुषार विंडशील्डवर बसतात आणि मग पावसात वायपर फिरला की सगळं धूसर. ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरच्या ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, तर उडताच कामा नये. आणि गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाणार असेल तर सिलिकॉनचा हात आधीच फिरवू नका, त्याच्या अंशानेही नवीन रंगाला खड्डे पडतात, पेंटर तुम्हाला मनातून काय म्हणेल ते लिहीत नाही.

जर्मनीतली आपली मंडळी हिर्शटाल्ग वापरतात, लिपस्टिकसारख्या कांडीत मिळतं, सरळ रबरावर ओढायचं. काम चांगलं करतं, पण ती मुळात हरणाची चरबी, तेव्हा शाकाहारी घरात आधी डबी वाचून घ्या, ग्लिसरीनच्या कांड्याही मिळतात.

काय लावू नये: डब्ल्यूडी-४०, व्हॅसलीन, इंजिन ऑइल, एकूणच पेट्रोलियमची कुठलीही वस्तू. ईपीडीएमला पेट्रोलियम सोसत नाही, रबर फुगतं, मऊ पडतं, आकार बिघडतो. पहिल्या दिवशी दार लोण्यातून निघाल्यासारखं उघडतं म्हणून लोकांना वाटतं जमलं, आणि दोन हिवाळ्यांनी बीडिंग लोंबायला लागतं. खोबरेल तेल लावू का असं विचारणारेही आहेत. बाबांनो, ते २४ अंशांखाली थिजतं, इथे त्याचा उपयोग काय.

तिसरं काम, ज्याकडे कोणी बघतच नाही, ते म्हणजे पाण्याच्या वाटा. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेच्या बाजूने आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती चिखलाने बुजली की पाणी दारातच साठतं आणि कडाका पडला की रेग्युलेटरच खाली गोठतो, मग तुम्ही वर कितीही ग्रीस लावा. प्लास्टिकच्या बारीक झिप टायने ती मोकळी करा. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या आणि विंडशील्डच्या खाली जिथे पानं साठतात ती जागा, तेही त्याच दिवशी.

धुण्याचं काय? थंडीत गाडी धुवायलाच लागते, मिठाला इलाज नाही. डेट्रॉइट शहराच्या खाली अकराशे फुटांपेक्षा खोल मिठाची खाण आहे, रस्त्यावरचं मीठ तिथूनही येतं, म्हणजे आपण अक्षरशः मिठावर राहतो आणि मिठावरच गाडी चालवतो. पण धुण्याची वेळ महत्त्वाची. दुपारी पारा शून्याच्या वर असेल आणि घरी आल्यावर गॅरेजमध्ये वाळायला दोन-तीन तास मिळणार असतील तेव्हाच धुवा. संध्याकाळी ऑफिसातून येताना कार वॉशमधून काढून गाडी तशीच बाहेर उभी केली की दुसऱ्या दिवशी सकाळचा फोन मला येणार हे ठरलेलं. धुतल्यावर दोन्ही दारं, डिकी आणि पेट्रोलचं झाकण उघडून कडा पुसायच्या, काच दोनदा वर-खाली करून परत तिची कड पुसायची. पाच मिनिटांचं काम आहे.

कन्व्हर्टिबलवाल्यांना एवढंच सांगतो, शून्याखाली छप्पर उघडायचं-मिटायचं नाही, जुन्या मियाटाची मागची खिडकी प्लास्टिकची आहे, ती घडीवर तडकते.

टायरचा दिवा

हवा थंड झाली की आकसते, हिशोब सोपा आहे, तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की साधारण १ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) कमी. ऑक्टोबरमध्ये २१ सेल्सियसला ३२ भरलेले टायर जानेवारीत उणे १२ ला २६-२७ च्या आसपास येतात, कुठेही पंक्चर नसताना. अमेरिकेत २००० च्या ट्रेड (TREAD) ॲक्ट या वाहनसुरक्षेच्या कायद्यानंतर टीपीएमएस, म्हणजे हा दिवा पेटवणारी टायरच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा, बंधनकारक झालं, सप्टेंबर २००७ पासून इथल्या सगळ्या नवीन हलक्या गाड्यांत ते आहे, आणि नियमाप्रमाणे दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा हवा २५ टक्के खाली गेली की दिवा पेटलाच पाहिजे. म्हणजे ३३ लिहिलं असेल तर पंचवीसच्या खाली. तेव्हा दिवा पेटला याचा अर्थ जरा कमी आहे असा नाही, बरीच कमी आहे. दुपारी तो विझतो कारण चालवून टायर तापतो आणि आतली हवा दोन-चार पीएसआयने वर येते. टायर बरा झालेला नसतो.

हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना मोजा. उबेच्या गॅरेजमध्ये भरत असाल तर बाहेरचा फरक धरून दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीत थंडीत पाणी असू शकतं, ते व्हॉल्व्हमध्ये गोठलं की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हवा भरायला गेलेला माणूस टायर सपाट करून परत येतो, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप घरी असलेला बरा. नायट्रोजन भरून घ्या म्हणून कोणी मागे लागलं तर हसून नाही म्हणा, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत तोही तसाच आकसतो.

आता निदान. चारही टायर सारखेच उतरले असतील तर ते हवामान. एकच टायर दर आठवड्याला बाकीच्यांपेक्षा जास्त उतरत असेल तर ती गळती, आणि मिठाच्या प्रदेशात ती बहुधा दोनच जागी असते. स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी घेऊन आधी व्हॉल्व्हवर मारा आणि मग रिमची कड जिथे टायरला भिडते तिथे गोल फिरून, आणि घाई न करता बघत बसा. मोठे बुडबुडे येत नाहीत, कडेला बारीक पांढरा फेस हळूहळू जमत जातो, एखाद्या दोन इंचांच्या पट्ट्यातच. तिथे ॲलॉय रिमला मिठाने बुरशीसारखी पांढरी पूड धरलेली असते आणि थंडीत टायर कडक झाला की त्या खडबडीत जागेवर तो घट्ट बसत नाही. उपाय म्हणजे टायर उतरवून रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करून बीड सीलर (कडेची फट बुजवणारा लेप) लावून परत चढवायचा, टायरवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम, पण त्याला नेमकं हेच करायला सांगावं लागतं, नाहीतर तो पंक्चर नाहीये म्हणून परत पाठवतो.

व्हॉल्व्हवर हौसेने पितळी चकचकीत टोप्या लावल्या असतील तर त्या आजच काढा. टीपीएमएसचा दांडा बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो, पितळ, ॲल्युमिनियम आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की दोघं एकमेकांना गंजून धरतात, टोपी फिरवायला गेलं की दांडाच तुटतो आणि बऱ्याचदा सेन्सरसकट नवीन घ्यावा लागतो. साधी प्लास्टिकची टोपी लावा, आतला व्हॉल्व्ह कोअर निकेल प्लेटिंगचा असावा.

समर टायर: इथे उपाय एकच

आता खरी महाग भानगड. बऱ्याच स्पोर्ट्स कार कारखान्यातूनच समर टायरवर येतात आणि शोरूममध्ये याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. या टायरचं रबर गरम रस्त्यावर पकड धरायला बनवलेलं असतं. साधारण ७ सेल्सियसच्या खाली ते कडक व्हायला लागतं आणि बर्फ नसलेल्या कोरड्या रस्त्यावरही गाडीची मागची बाजू सुटायला लागते, सिग्नलवरून निघताना, रॅंपवर वळताना. उणे ७ च्या खाली गोष्ट वेगळीच होते. रबराची लवचिकता जाते आणि अशा अवस्थेत टायरला बाक मिळाला, म्हणजे तो नुसता फिरला तरी, ट्रेडमध्ये भेगा पडू शकतात. जनरल मोटर्सच्या कॅमॅरो-कॉर्व्हेटच्या मॅन्युअलमध्ये हा उणे ७ चा आकडा स्पष्ट लिहिलेला आहे, पण मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समधून बाहेर कोण काढतो. अशा भेगा टायर कंपन्या साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत.

म्हणून ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचाय, गाडी जरा मागे घेतो, असंही करायचं नाही. दहा फूटसुद्धा नाही. टायर उणे ७ च्या खाली गेलेला असेल तर तो आधी ५ अंशांच्या वर असलेल्या जागेत किमान २४ तास राहू द्यायचा, मग नीट बघायचा, मगच हलवायचा. आणि हेअर ड्रायर, हीट गन, हीटरचा झोत थेट टायरवर मारायचा नाही, मॅन्युअल त्यालाही मनाई करतं.

या भेगा ओळखायच्या कशा? उन्हाने आणि जुनेपणाने पडणाऱ्या भेगा बाजूच्या भिंतीवर जाळीसारख्या, उथळ असतात. थंडीच्या भेगा ट्रेडमध्ये असतात, खाचेच्या तळाशी किंवा ठोकळ्याच्या कोपऱ्यातून निघालेल्या, सरळ आणि धारदार, ब्लेडने कापल्यासारख्या. टॉर्च तिरका धरून टायर थोडा थोडा फिरवत बघितल्याशिवाय दिसत नाहीत, आणि जो भाग जमिनीवर टेकलेला असतो तो बघायचा राहूनच जातो.

गॅरेजमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे असंही धरून चालू नका. ३०-३१ जानेवारी २०१९ ला पोलर व्होर्टेक्स, म्हणजे ध्रुवाकडची कडाक्याची थंड हवा, खाली उतरला तेव्हा डेट्रॉइटचा पारा उणे २५ च्या आसपास गेला होता, अशा वेळी न तापवलेलं गॅरेज कुठे जातं ते तुमचं तुम्ही मोजा. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो टायरच्या उंचीवर ठेवा, भिंतीवर वर टांगू नका, जमिनीलगत पारा बऱ्याचदा कमी असतो.

उपाय म्हणजे टायर बदला, दुसरा मार्ग नाही. हिवाळाभर गाडी चालवायची असेल तर विंटर टायरचा वेगळा रिमसकट सेट घ्या, एक इंच लहान रिम आणि जरा अरुंद टायर, स्वस्तही पडतं आणि खड्ड्यात रिम वाकायची भीतीही कमी, फक्त मोठे ब्रेक असतील तर रिम कॅलिपरला घासत नाही ना ते आधी बघून घ्या. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघून घ्या, नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असेल तर ते ट्रेडच्या नक्षीपुरतं आहे, बर्फावरच्या चाचणीबद्दल ते काही सांगत नाही. मिशिगनमध्ये सक्ती नाही, पण मॉन्ट्रियलला असाल तर क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात. ऑल-सीझनवर भागेल का? भागतं, बेताने चालवणाऱ्याचं. मागच्या चाकांना साडेचारशे हॉर्सपॉवर असेल तर माझं मत विंटरच.

काढलेले समर टायर बेसमेंटमध्ये ठेवा, काळ्या पिशवीत बांधून, पण घर तापवणारी फर्नेस आणि पाणी उपसणारा संप पंप यांच्यापासून लांब, मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो आणि तो रबराला खातो. रिमसकट असतील तर एकावर एक, नुसते टायर असतील तर उभे.

गाडी समर टायरवरच झोपवून ठेवणार असाल, जसं इथले बरेच लोक नोव्हेंबर ते एप्रिल करतात, तर गॅरेज उणे ७ च्या वर राहील याची सोय हवी, नाहीतर टायर काढून आत न्यायचे. हवा नेहमीपेक्षा पाच-सात पीएसआय जास्त भरा, टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून, आणि चाकांखाली इन्सुलेशनच्या फोमचे जाड तुकडे ठेवा, सिमेंटची थंडीही अडते आणि टायर एका जागी चपटाही कमी होतो. हिवाळा संपल्यावर पहिल्यांदा चालवताना थोडी धडधड जाणवली तर घाबरू नका, पंधरा-वीस मैलांत टायर तापला की बहुधा जाते, नाही गेली तर मात्र टायर कायमचा चपटा झालाय. बॅटरीला मेंटेनर (तिला भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवा, आणि दर रविवारी गाडी नुसती चालू करून पाच मिनिटांनी बंद करायची सवय सोडा, त्याने एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं आणि बॅटरीही भरत नाही.

पुण्याहून कोणी विचारलं तर तुमच्याकडे यातलं टायरचं काहीच लागू नाही, तिथे रबराला ऊन मारतं, थंडी नाही. पण गाडी घेऊन डिसेंबरात स्पितीला किंवा लेहला चालला असाल तर दाराचा भाग जसाच्या तसा लागू, ग्रीसची ट्यूब आणि अल्कोहोल बरोबर ठेवा, आणि हॉटेलवर पोचल्यावर अल्कोहोल खोलीत न्या.

एप्रिलमध्ये समर टायर परत चढवायची घाई नको. मार्चच्या शेवटी एखादा रविवार पंधरा अंशांचा निघतो, सगळ्यांच्या गाड्या बाहेर पडतात आणि बुधवारी परत बर्फ. दिवसाचा पारा बघू नका, रात्रीचा किमान बघा, तो आठवडाभर सलग ५ च्या वर राहिला आणि एक-दोन चांगले पाऊस पडून रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं की मगच. चढवायच्या आधी प्रत्येक टायर पूर्ण एक फेरा फिरवून टॉर्चने बघा. भेग दिसली तर तो टायर गेला, ती बुजवता येत नाही, आणि त्याच ॲक्सलवरचा दुसरा धडधाकट दिसला तरी दोन्ही बरोबरच बदला.